दोन जिवांचं जेवण

सराफ्यातल्या आमच्या घरी सून गर्भार आहे म्हटल्यावर सकाळी बेडई-जिलबीचा पुडा येऊ लागला. "दोन जिवांची आहेस, खा पोटभर," असं म्हणणाऱ्यांत मी पहिली. पाचव्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन 9.1. गर्भारपणात ते किमान 11 हवं. वजन मात्र झकास वाढलेलं! पोट भरत होतं, रक्त भरत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, "लोहाची गोळी कशाबरोबर घेतेस?"

"चहाबरोबर."

तो चहा मीच करून देत होते, रोज, आलं घालून. चहातली द्रव्यं लोह अंगी लागू देत नाहीत, हे मला साठीत कळलं. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि तिच्या आधी-नंतर तासभर चहा नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर घ्यायची नाही, ती वेगळ्या वेळी, जेवणासोबत.

ही आमच्याच घरची गोष्ट असती तर लिहिली नसती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. म्हणून तर चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी दवाखान्यातून देतात. दर महिन्याच्या 9 तारखेला तिथे गर्भवतींची मोफत तपासणीही असते. ती फक्त गरिबांसाठी, असा आपल्या मंडळींचा एक गैरसमज आहे.

आणि दुप्पट जेवण? लागतात दिवसाला साधारण 350 उष्मांक जास्त. म्हणजे दोन फुलके, वाटीभर वरण आणि वाटीभर दही, बस. मेथी-पालकाची भाजी, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, वर लिंबू पिळून. अंडं चालत असेल तर उत्तमच. गजक मी बंद केली नाही. ग्वाल्हेरात राहून तीळ-गुळाला नाही म्हणायचं म्हणजे फारच झालं! पण एक तुकडा; गुळाने हिमोग्लोबिन वाढतं या भरवशावर गोळी सोडायची नाही. साखरेच्या तपासणीत काही निघालं, तर तो तुकडाही डॉक्टरांना विचारूनच. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर.

व्यायामाचं म्हणाल, तर "जिना चढू नकोस, वाकू नकोस" ही माझीच वाक्यं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ठीक असल्याचं तपासून रोज चालायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटं सांगते. वेग असा, की चालताना बोलता यावं. उन्हाळ्यात इथे सकाळी सातच्या आत उरकावं लागतं. तेव्हा सराफ्यातली दुकानं बंद असतात, ना गाड्या, ना गर्दी. सपाट चपला, पाण्याची बाटली, आणि घरून निघताना तोंडात दोन खजूर. रक्त दिसलं, पाणी गेलं, चक्कर आली, छातीत किंवा पोटात दुखलं, तर चालणं तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तरी सकाळची वाट बघायची नाही.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, 10.6. अजून 11 नाही. सून हल्ली माझ्या चहाकडे संशयाने बघते. आज आम्ही दोघी महाराज बाड्यापर्यंत जाऊन आलो, आणि येताना दोनदा थांबले ती मी.