सुपरलीग आणि वरंधचे मैदान

फ्लोअरबॉल, ज्याला स्वीडनमध्ये इनेबांडी म्हणतात, हा बंदिस्त सभागृहात खेळला जाणारा, हॉकीच्या कुळातला खेळ आहे. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदानाभोवती अर्धा मीटर उंचीच्या पाट्या असतात, प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि काठीविना खेळणारी एक गोलरक्षक असते, आणि सव्वीस छिद्रांचा, जेमतेम तेवीस ग्रॅम वजनाचा प्लॅस्टिकचा चेंडू काठीने खेळवला जातो. स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंड या तीन देशांनी 1986 मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली, 1997 मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि स्वीडनमधील महिलांची सर्वोच्च साखळी स्पर्धा आज सुपरलीग या नावाने खेळली जाते. स्वीडनमधील आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांच्या मुली आता शाळेच्या संघातून किंवा वस्तीतील क्लबमधून हा खेळ खेळतात. त्यामुळे या लीगकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता तिची बांधणी समजून घेणे अगत्याचे आहे.

लीग म्हणजे अंतिम सामन्याच्या दिवसाचा झगमगाट नव्हे. सर्वोच्च श्रेणीच्या खाली दुसरी आणि तिच्याखाली तिसरी श्रेणी असते, तळाचा संघ खाली जातो, खालचा विजेता वर येतो, आणि या चढ-उताराच्या नियमामुळे आडगावच्या क्लबलाही वर जाण्याचा मार्ग सदैव मोकळा राहतो. वासालोपेट ही नव्वद किलोमीटरची स्की-शर्यत जिथे संपते, त्या मोरा या छोट्याशा गावाच्या महिला संघाने राजधानीतील संघांना मागे टाकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले आहे. हे केवळ गुणवत्तेच्या बळावर घडत नाही. सात ते पंचवीस वर्षांच्या खेळाडूंच्या सरावासाठी सरकार क्लबांना जे अनुदान देते ते उपस्थितीवर मोजले जाते, आणि त्या मोजणीत मुलगी आणि मुलगा यांत फरक नसतो. सभागृहही नगरपालिकेचे असल्याने बाहेर बर्फ पडत असला तरी आतला सराव चुकत नाही.

हे सर्व महाड तालुक्यातील वरंध या गावाच्या संदर्भात मांडण्याचे कारण असे, की महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याच्या, सावित्री नदीच्या खोऱ्यातील या भागात, खेळाची परंपरा कमी नाही. रायगड हा कबड्डीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गावोगावी ग्रामस्थ मंडळ आहे, त्याची मुंबई शाखा आहे, वर्गणी गोळा होते, आणि शिवजयंतीला किंवा ग्रामदेवतेच्या जत्रेला प्रकाशझोतात रात्रभर सामने रंगतात. तथापि या सामन्यांची रचना बहुतांशी पुरुष गटापुरतीच असते, आणि महिलांच्या वाट्याला आला तर एखादा प्रदर्शनीय सामना येतो.

राष्ट्रीय पातळीवरचे चित्रही फारसे वेगळे नाही. महिलांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा 1955 मध्ये सुरू झाली. पाटण्यात 2012 साली झालेला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. जाकार्ता येथील 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्या इराणच्या संघाने अंतिम फेरीत भारताला नमवले त्याच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. पुढे हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत, ऑक्टोबर 2023 मध्ये, भारताने चिनी तैपेईवर 26-25 अशी, एका गुणाने मात करून सुवर्णपदक परत मिळवले. सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे या महाराष्ट्राच्या खेळाडू त्या संघात होत्या. एवढी कामगिरी असूनही, पुरुषांची प्रो कबड्डी 2014 पासून चालू असताना, महिलांसाठी 2016 मध्ये तीन संघांचा एक हंगाम झाला आणि तो तिथेच थांबला. परिणामी चांगल्या खेळाडूचे भवितव्य आजही रेल्वेतील किंवा अन्य संस्थांतील क्रीडा कोट्यातल्या नोकरीवर अवलंबून राहते, आणि ती नोकरी मिळण्याआधीच असंख्य मुलींचा खेळ सुटलेला असतो.

तो नेमका कुठे सुटतो, हे वरंधसारख्या गावात जवळून दिसते. दहावीपर्यंत शाळेच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा असतात. त्यानंतर महाडला किंवा पोलादपूरला महाविद्यालयात जावे लागते, सराव सायंकाळी असतो आणि परतीची शेवटची एस.टी. सरावासाठी थांबत नाही. जूनपासून चार महिने पाऊस असा कोसळतो, की घाटरस्ताही अनेकदा बंद ठेवावा लागतो आणि मातीचे मैदान चिखल होऊन जाते. बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद, एवढेच महिलांच्या कबड्डीचे मैदान असते. म्हणजे मॅटसह एक साधी पत्र्याची शेड उभारली तरी पावसाळ्यातील सराव वाचू शकतो. जिथे कपडे बदलायला बंद खोली नाही आणि स्वच्छतागृह नाही, तिथे पालक मुलीला रात्रीच्या सामन्याला पाठवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आपल्या मंडळाच्या सदस्यांपैकी अनेकजण गावच्या मंडळाला दरवर्षी देणगी पाठवतात. चषक, रोख बक्षिसे आणि व्यासपीठ यांवर तिचा मोठा हिस्सा खर्च होतो, आणि देणगीदाराने काही विचारल्याशिवाय त्यात बदल होण्याचे कारण नाही. ज्यांच्या मुली स्वीडनच्या सभागृहात दर शनिवारी खेळतात, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इतरांहून अधिक आहे. येत्या जत्रेची पावती फाडण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने आपल्या ग्रामस्थ मंडळाला तीन गोष्टी लेखी कळवाव्यात: स्पर्धेत महिला गट असावा, दोन्ही गटांची बक्षिसे समान असावीत, आणि देणगीचा निम्मा भाग मॅट, शेड व मुलींच्या परतीच्या वाहनासाठी राखून ठेवावा.