वाळूच्या टेकड्यांचा प्रवास

खळ्यावर धान्य उफणताना काय घडते, हे वाचकांस सांगावयास नको. दाणा पायाशी पडतो, भूस चार हात दूर जाऊन पडते आणि धूळ तर कोठल्या कोठे निघून जाते. इजिप्तमधील नाईल नदीच्या पश्चिमेस पसरलेल्या वाळवंटात वारा हजारो वर्षे हेच काम करीत आला आहे. झिजलेल्या खडकांचा भुगा तो निवडतो. खडे जागच्या जागी राहतात, वाळू थोडी पुढे सरकते आणि बारीक धूळ समुद्रापलीकडेही जाते.

वाळू वाऱ्यावर उडते, अशी आपली समजूत. वस्तुतः ती उड्या मारीत जाते. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनियराने १९२० नंतरच्या दशकात हे वाळवंट मोटारीने पालथे घातले, पुढे वायुबोगद्यात वाळू सोडून प्रयोग केले आणि १९४१ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. एक कण उसळतो, वाऱ्याचा वेग अंगी घेतो आणि खाली आदळताना इतरांस उसळवितो. आपल्याहून ६ पट व्यासाचा, म्हणजे वजनाने २०० पटींहून भारी खडादेखील तो धक्क्याने पुढे ढकलू शकतो! ही सारी धुमश्चक्री जमिनीलगत चालते. उंटावरच्या स्वाराचे डोके पुष्कळदा मोकळ्या हवेत असते. चटके बसतात ते उंटाच्या पायांना.

फराफ्रा मरूद्यानाजवळच्या पांढऱ्या खडूच्या शिळा यामुळेच बुडाशी अधिक झिजल्या आहेत. माथा रुंद, मान बारीक, जणू पावसाळ्यातील अळंबीच. अर्थात सारे श्रेय वाऱ्यास देणे न्यायाचे नव्हे. दव आणि क्षार यांनीही दगड आधीच पोखरलेला असतो.

परंतु खारगा मरूद्यानातील शेतकऱ्यास या शोभेचे कौतुक कोठून असणार? त्याच्या शेतावर उत्तरेकडून चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या चालून येतात. वाऱ्याकडील सौम्य उतारावरून कण वर चढतात, माथ्यावरून पलीकडच्या उभ्या उतारावर घसरतात, आणि अशा रीतीने अवघी टेकडीच पुढे सरकते. लहान टेकडी चपळ, मोठी मंद. वर्षाला १५-२० मीटर ही चाल तेथे नवलाची नाही. शेते, विहिरी, रस्ते, घरे, जे वाटेत येईल ते तिच्या पोटात जाते. गावकरी खजुराच्या झावळ्यांची कुंपणे घालतात. वाळू काही काळ अडते, कुंपणाशी साचते, आणि कुंपणच गाडले गेले की त्यावर दुसरे उभारावे लागते. ज्यांनी गाव सोडले, त्यांची घरे टेकडी पुढे गेल्यावर कित्येक वर्षांनी पुन्हा उघडी पडतात. परंतु तोवर धन्याने दुसरीकडे विहीर खणलेली असते.