रोखता आले असते, त्याची किंमत

१९४८च्या नरसंहारविरोधी कराराच्या पहिल्याच कलमात देशांनी दोन गोष्टी पत्करल्या आहेत: नरसंहार रोखायचा आणि करणाऱ्याला शिक्षा द्यायची. शिक्षा म्हणजे काय हे सगळ्यांना कळते. ‘रोखणे’ या क्रियापदात नेमके काय येते, हे मात्र २००७मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्यात सविस्तर सांगितले. जुलै १९९५मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला बोस्नियन सर्ब सैन्याच्या हातून सात-आठ हजार बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. तो नरसंहार सर्बियाने स्वतः केला असे सिद्ध झाले नाही, पण रोखण्याचे कर्तव्य सर्बियाने मोडले, असा निकाल लागला. रोखण्यात यश यायलाच हवे असे नाही, हाताशी असलेला प्रत्येक उपाय करून पाहायला हवा. गंभीर धोका आहे हे कळले, किंवा कळायला हवे होते, तेव्हापासून हे कर्तव्य लागू होते. मारेकऱ्यांवर ज्याचा वचक मोठा, त्याची जबाबदारीही मोठी. या सैन्याला पैसा आणि शस्त्रे पुरवणाऱ्या बेलग्रेडच्या सर्बियन सरकारला आपण काही केल्याचे दाखवता आले नाही.

हा अर्थ मला पूर्ण पटतो. खटकते ते पुढचे. प्रयत्न झाले असते तर कत्तल टळलीच असती असे खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून न्यायालयाने पैशांची भरपाई नाकारली. म्हणजे कर्तव्य लादताना यशाची खात्री लागत नाही, ते मोडल्याची किंमत ठरवताना मात्र लागते! नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये जास्त न्याय्य वाट काढली. स्रेब्रेनित्साजवळ पोटोचारीच्या शांतिसेनेच्या तळावर आसरा घेतलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांना डच शांतिसैनिकांनी इतरांबरोबर बाहेर जाऊ दिले. आत राहण्याचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवलाच नाही. तो ठेवला असता तर ते सर्बांच्या हाती न लागण्याची शक्यता दहा टक्के होती, असे धरून न्यायालयाने डच सरकारला दहा टक्के नुकसानीला जबाबदार धरले. खटला देशातल्या दिवाणी कायद्याखालचा होता हे खरे, पण हिशेबाची ही रीत आंतरराष्ट्रीय न्यायालयातही चालावी.

हा आकडा अंदाजाचाच, असे कोणी म्हणेल. खालच्या न्यायालयाने तीस टक्के धरले होते, तेव्हा आक्षेपात तथ्य आहे. पण शून्य हाही अंदाजच, आणि तो नेहमी हात वर करणाऱ्याच्या सोयीचा. अशाने शांतिसैनिक पाठवायला कोणी धजणार नाही, ही भीती अधिक गंभीर आहे. मात्र त्याच निकालात स्रेब्रेनित्सा सर्बांच्या हाती पडल्याचा ठपका डच सरकारवर ठेवलेला नाही. जबाबदारी आहे ती तळाच्या फाटकाशी, त्या साडेतीनशे जणांबाबत घेतलेल्या एका निर्णयाची.