यादवीच्या रणांगणावर सहल

गेल्या डिसेंबरात आमच्या इतिहास मंडळाने ‘यादवी’ या विषयावर चार व्याख्याने आणि दोन सहली ठरविल्या. सूचनाफलकासमोर उभ्या असलेल्या एका मित्राने मला विचारले, “यादवी म्हणजे देवगिरीचे यादव ना रे?” आम्ही सगळे मनमुराद हसलो. शब्द आला तो प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपलेल्या द्वारकेच्या यादवांवरून, हे शाळेतले पोरही सांगेल. पण पहिल्याच व्याख्यानात आमचे हसू ओसरले. आपल्या देवगिरीचा रामदेवराव १२७१ मध्ये गादीवर आला तो चुलतभाऊ आमणदेव याला पदच्युत करून. आमणदेवाचे डोळे काढले गेले, असे सांगतात. म्हणजे मित्राचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता!

त्या रामदेवरावाच्या किल्ल्यावर १२९६ मध्ये अल्लाउद्दीन चालून आला. त्याने लुटून नेलेले सोने कशाला उपयोगी पडले? त्याच वर्षी कड्याला स्वतःच्या चुलत्याला, म्हणजे सुलतान जलालुद्दीनला मारून दिल्ली घ्यायला. भावकी मोडून मिळविलेले राज्य दुसऱ्या भावकी मोडणाऱ्याने लुटले. दौलताबादला आपण किती वेळा गेलो असू! अंधारी वाट, तोफ आणि चांद मिनार पाहून, पेरू खाऊन परत. हे कुणी सांगितले होते?

व्याख्यानमाला चालू असतानाच मंडळाच्या सभेत एक आक्षेप निघाला. एक ज्येष्ठ प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले, “आपण परक्यांशी लढलो ती रणांगणे मुलांना दाखवा. आपसातल्या भांडणांची जत्रा कशाला?” काही विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजविल्या. सरांविषयी मला आदर आहे. त्यांच्या बोलण्यात काळजी होती, हेही मला कळते. तरी मला त्यांचे म्हणणे पटले नाही. का पटले नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

पहिली अडचण अशी की, ‘परक्यांशी झालेली’ म्हणून जी रणांगणे आपण बाजूला काढतो, ती खणली की खाली भाऊबंदकीच निघते. आमची पहिली सहल पालखेडची होती. (नाशिक जिल्ह्यात धरणाचे पालखेड आहे ते वेगळे, आमच्यातल्या दोघांनी घरी तेच सांगितले होते. आपले पालखेड वैजापूर तालुक्यात.) फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने येथे निजाम-उल्-मुल्काला कोंडीत पकडले. निजामाचा जड तोफखाना मागे राहिला होता, पाणी तोडले गेले होते, रसद बंद होती. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण हे युद्ध पेटले कशावरून? शाहू खरे छत्रपती की कोल्हापूरचे संभाजी, याचा निवाडा होईपर्यंत चौथाई देणार नाही, अशी भूमिका निजामाने घेतली होती आणि कोल्हापूरचे संभाजी त्याच्या पक्षाला होते. आपल्या घरातले भांडण शेजाऱ्याने हातात घेतले, ते हे. पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावला तह झाला तेव्हा त्या संभाजींची बाजू सोडणे निजामाला कबूल करावे लागले. मुंगी म्हणजे पैठणच्या जवळचे. किती जण तेथे हे आठवून उभे राहिले असतील?

राक्षसभुवनचेही तेच. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला आणि थोरल्या माधवरावांचा लौकिक झाला. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १७६२ मध्ये, आळेगावला रघुनाथरावांनी याच निजामाची मदत घेऊन आपल्या पुतण्याला नमविले होते. पुतण्या आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाला. आणि राक्षसभुवनला तोच पुतण्या अडचणीत सापडलेल्या त्याच चुलत्याच्या मदतीला धावला. पुढे १७६८ मध्ये धोडपला दोघे पुन्हा समोरासमोर आलेच. आळेगाव आणि धोडप वगळून राक्षसभुवन सांगणे म्हणजे नाटकाचा फक्त दुसरा अंक पाहून घरी येणे.

असईची कथा सर्वांना ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या बाजूला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. पण या पराभवाची तयारी वर्षभर आधी हडपसरला झाली होती. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा उधळल्या. दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि वर्षअखेर इंग्रजांशी तह करून बसले. असईच्या मैदानावर होळकरांची फौज नव्हती. वाड्यातला भांडखोर भाऊ त्या दिवशी घरी राहिला, असे आमचे व्याख्याते म्हणाले. सभागृहात तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि माझ्या मते आक्षेपाचे खरे कारण तीच. तिसरे व्याख्यान बीबी-का-मकबऱ्यावर होते. मकबरा म्हणजे सुंदर इमारत, ताजमहालाची नक्कल, एवढेच आपण जाणतो. व्याख्यात्यांनी मात्र तेथे झोपलेल्या बाईची गोष्ट सांगितली. दिलरसबानूला सप्टेंबर १६५७ मध्ये याच शहरात मुलगा झाला, अकबर. आणि महिन्याभरात ती वारली. त्याच सुमारास शाहजहान आजारी पडल्याची बातमी आली. फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब याच शहरातून फौज घेऊन भावांवर निघाला आणि धर्मत, सामुगढ ओलांडून तख्तावर बसला. तो तान्हा अकबर मोठा झाल्यावर १६८१ मध्ये बापाविरुद्ध उठला आणि आश्रयाला आला तो छत्रपती संभाजी महाराजांकडे. दिलरसचा दुसरा मुलगा आज्जम १७०७ मध्ये सावत्र भावाशी लढताना जाजऊला मारला गेला. जाता जाता त्याने शाहूंना कैदेतून सोडले होते. शाहू परत आले आणि त्याच वर्षी खेडला ताराबाईंच्या फौजेशी त्यांची लढाई झाली. एका घराची यादवी दुसऱ्या घरात अशी उतरली!

या व्याख्यानानंतर कँटीनमध्ये जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. दोन जिवलग मित्र कुणाचे नाव कसे घ्यावे यावरून एकेरीवर आले आणि पुढे महिनाभर बोलले नाहीत. पालखेडला आम्ही एकतीस जण गेलो होतो. असईच्या दुसऱ्या सहलीला चौदाच उरलो. सरांचा आक्षेप खरा ठरला, असे कुणीही म्हणावे. पण मी त्या भांडणाकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. भांडण व्याख्यानाने लावले नाही. ते आधीपासून होते. आपल्याला इतिहासात फक्त दोन पक्ष पाहायची सवय लागली आहे, आपला आणि त्यांचा. यादवीत हे जमत नाही. पुतण्या आपला की चुलता आपला? शाहू आपले की ताराराणी? टाळी वाजवायला हात उचलला की तो मध्येच थांबतो. हा थांबलेला हात मला पदवीइतका मोलाचा वाटतो.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या चार वर्षांत यादवी झाली. १९४० मध्ये शिकागोतल्या एका पुस्तकविक्रेत्याभोवती काही गृहस्थ जमू लागले, व्याख्याने ऐकू लागले, पुढे रणांगणांवर सहली काढू लागले. तशी मंडळे मग गावोगाव निघाली. त्यांचे सर्वच अनुकरणीय आहे असे नाही. लढाईच्या डावपेचांत रमून लढाई गुलामगिरीवरून झाली, हे विसरणारेही तेथे आहेत. तो धोका आपल्यालाही आहे. पालखेडला आमच्यातले काही जण ‘फौज इकडून आली, तिकडे वळली’ यातच गुंग होते.

मी मात्र तेथे दुसऱ्याच गोष्टीत अडकलो. फेब्रुवारीचे ऊन होते. एका शेताच्या बांधावर आम्ही डबे सोडले. शेतकरी काका आले, “कशाची पाहणी करता, पोरांनो?” म्हणून त्यांनी विचारले. सरांनी लढाई सांगितली, पाणी तोडल्याचे सांगितले. काका शांतपणे म्हणाले, “पाणी तोडायला फौज कशाला लागती? आमच्या भावानं सामाईक विहिरीवरचं माझं इंजिन काढून टाकलं. सात साल झालं.” सगळे हसले. मला हसू आले नाही. आमच्या गावीही अशीच एक विहीर आहे. माझे वडील आणि माझे चुलते नऊ वर्षांपासून एकमेकांच्या ओट्यावर चढलेले नाहीत. तारखेला एकाच एस.टी.ने तालुक्याला जातात, एक पुढच्या दाराने उतरतो, एक मागच्या. चुलत्यांचा मुलगा याच महाविद्यालयात प्रथम वर्षाला आहे. आम्ही जिन्यात भेटलो तर मान हलवितो, एवढेच.

असो. यंदा मंडळाने खुलताबादची सहल सुचविली आहे आणि ती रद्द करावी असेही अर्ज आले आहेत. माझे मत, ती व्हावी. औरंगजेबाच्या कबरीवरून जो गदारोळ उठतो तो उठो; मला तेथे दुसऱ्या दोन कबरी पाहायच्या आहेत. बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात निजाम-उल्-मुल्क आणि त्याचा मुलगा नासिरजंग जवळजवळ पुरलेले आहेत. १७४१ मध्ये हा मुलगा बापाविरुद्ध उठला होता. आपल्या शहराबाहेर दोघांच्या फौजा भिडल्या, मुलगा जखमी होऊन कैद झाला आणि पुढे बापाने त्याला माफ केले. त्या लढाईच्या जागेवरून आपण कदाचित रोज सायकलने येत असू.

नावनोंदणी ग्रंथालयाशेजारच्या फलकावर चालू आहे. एस.टी.ची खास गाडी घ्यायची तर निदान चाळीस जण हवेत. काल संध्याकाळपर्यंत तेवीस नावे होती. माझे नाव सतरावे आहे. अठरावे, मला न विचारता, चुलतभावाने लिहिले आहे.