‘टेक ऑफ’ आणि ‘काढणें’

इंग्रजी भाषा शिकतांना आपल्या विद्यार्थ्यांस व्याकरणाहूनहि अधिक त्रास देणारी एक गोष्ट आहे. ती म्हणजे त्या भाषेंतील लहानसहान क्रियापदें व त्यांच्या पाठोपाठ येणारीं ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’ यांसारखीं इवलींशीं अव्ययें. दोन्ही शब्द निरनिराळे घेतले तर लहान मुलासहि समजतात. परंतु ते एकत्र आले म्हणजे कोणता अर्थ धारण करतील याचा नेम राहत नाहीं. अशा जोडीस इंग्रजींत ‘फ्रेजल व्हर्ब’ असें म्हणतात. आपण सोयीसाठीं ‘जोडक्रियापद’ म्हणूं. हीं जोडक्रियापदें मराठी मुलांनीं कशीं शिकावींत, याविषयीं कांहीं विचार राजापेठेंतील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें मांडण्याचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल ‘टेक ऑफ’ हें एकच घेऊं. ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं आपल्या शहराजवळील बेलोरा येथील विमानतळावरून मुंबईसाठीं प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमान जमीन सोडून वर जातें या अर्थीं हा शब्द आतां आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेला आहे. परंतु त्याचा व्याप एवढ्यानें संपत नाहीं. पायांतील जोडे काढले, तर तें ‘टेक ऑफ’. दुकानदारानें किंमतींतून पन्नास रुपये कमी केले, तेंहि ‘टेक ऑफ’. नोकरीवरील माणसानें एक दिवसाची रजा घेतली, तर हेच दोन शब्द, मात्र मधें दिवसाचें नांव घालून. खोडकर मुलानें मास्तरांच्या चालण्याबोलण्याची हुबेहूब नक्कल केली, तेंहि ‘टेक ऑफ’. चोरानें शिपायास पाहून धूम ठोकली, तेंहि तेंच. आणि एकादा नवा धंदा बरकत येऊन झपाट्यानें वाढूं लागला, तर त्यासहि इंग्रज मनुष्य ‘टेक ऑफ’ असेंच म्हणतो.

आतां ज्या मुलानें वहींत ‘टेक ऑफ म्हणजे उडणें’ एवढेंच लिहून पाठ केलें आहे, त्याची स्थिति पाहा. गोष्टींतील म्हाताऱ्यानें घरांत येतांच टोपी ‘टेक ऑफ’ केली असें वाक्य आलें, तर तो ‘म्हाताऱ्यानें टोपी उडविली’ असें भाषांतर करील. हें हंसण्यावारी नेतां येईल. परंतु धंदा ‘टेक ऑफ’ झाला याचें भाषांतर त्यानें ‘धंदा उडाला’ असें केलें, तर मात्र अर्थाचा अनर्थ होतो. कारण आपल्या भाषेंत पक्षी व पतंग सोडले, तर जें उडतें तें बहुधा हातचें जातें. रंग उडतो, झोप उडते, पैसा उडतो. इंग्रजाचा धंदा उडाला कीं तो श्रीमंत होतो. आपला धंदा उडाला कीं आपण बुडतों!

ही केवळ गुणांची गोष्ट नव्हे. शिक्षण पुरें करून पुण्यास किंवा मुंबईस नोकरीसाठीं गेलेल्या तरुणास वरिष्ठानें ‘टेक मंडे ऑफ’ असें सांगितलें, तर सोमवारची सुटी मिळाली कीं सोमवारपासून आपणांस कामावरून काढलें, हें त्यास तत्काळ उमजावयास नको काय? ज्यास याद्या पाठ आहेत परंतु ज्याच्या कानांवरून वाक्यें गेलेलीं नाहींत, तो अशा वेळीं गोंधळून गप्प राहतो. आणि त्याचें गप्प राहणें हें लोक बुद्धीचें उणेपण समजतात. वऱ्हाडांतल्या चांगल्या, हुशार मुलांवर होणारा हा अन्याय आहे. आणि पाठांतराच्या याद्या तो टाळूं शकत नाहींत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय असा कीं, अर्थ मोजण्याऐवजीं त्या अर्थांमधला धागा शोधावा. ‘ऑफ’ या अव्ययाचा मूळ भाव ‘सुटून, वेगळें होऊन, दूर’ असा आहे. जोडा पायापासून सुटतो, विमान जमिनीपासून सुटतें, पन्नास रुपये किंमतींतून सुटतात, सोमवार कामाच्या दिवसांतून सुटतो, चोर जागेवरून सुटतो. नक्कल करणारा तर दुसऱ्याची लकब जणूं त्याच्या अंगावरून उतरवून स्वतःच्या अंगावर चढवितो. धंद्याच्या ठिकाणीं विमानाच्या उड्डाणाचें रूपक आहे. ज्यांनीं थोडें संस्कृत केलें आहे त्यांस ही रीत नवी वाटूं नये. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द होतात. अर्थ फिरवितो तो उपसर्ग. भेद इतकाच कीं, संस्कृतांत उपसर्ग पुढें येऊन चिकटतो, इंग्रजींत अव्यय मागून येतें आणि मोकळें राहतें. म्हणूनच ‘इट’ सारखें सर्वनाम आलें तर त्यास दोहोंच्या मधें जागा द्यावी लागते. ‘टेक इट ऑफ’ असें म्हणावें, ‘टेक ऑफ इट’ असें म्हणूं नये.

तथापि हा धागा प्रत्येक वेळीं हातीं लागेलच असें नाहीं. ‘पुट अप विथ’ याचा अर्थ ‘सोसणें’ असा होतो. तो त्यांतील तिन्ही शब्दांत कितीहि धुंडाळला तरी सहसा सांपडणार नाहीं. येथें विद्यार्थ्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. इंग्रजी कोशकारांचा अग्रणी डॉ. सॅम्युअल जॉन्सन यानें १७५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत, परकीयांस सर्वांत मोठी अडचण याच शब्दांची पडते, असें म्हणून ठेविलें आहे. त्यानें तेथें दिलेल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ हेंहि आहे आणि त्याचा अर्थ ‘नक्कल करणें’ असा दिला आहे. विमानें तेव्हां नव्हतींच! म्हणजे शब्द जुने राहिले व अर्थांस नवे धुमारे फुटत गेले. पुढें १९३० सालीं चार्ल्स ऑग्डन यानें परकीयांसाठीं अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ रचिली व तींत क्रियापदें फक्त अठरा ठेविलीं. ऐकावयास हें किती सोपें वाटतें! परंतु बाकीच्या शेंकडों क्रियापदांचें ओझें या अठरांच्या व त्यांच्या सोबतच्या अव्ययांच्याच खांद्यांवर आलें. शब्द थोडे केले म्हणून अर्थ थोडे होत नाहींत.

इंग्रजीस विक्षिप्त म्हणून हंसण्यापूर्वीं आपण आपल्या घरांतहि डोकावून पाहावें. आई सकाळीं अंगणांत रांगोळी काढते, गडी गाईचें दूध काढतो, वडील मुलीच्या शिक्षणासाठीं कर्ज काढतात, आजी गेलेल्या माणसांची आठवण काढते. मुलें एकमेकांच्या खोड्या काढतात, शेतांत सोयाबीन काढतात, गांवांत मिरवणूक काढतात. भित्रा पळ काढतो, शहाणा अडचणींतून मार्ग काढतो आणि गरीब कसेबसे दिवस काढतो. ‘काढून घेतलें’, ‘काढून दिलें’, ‘काढून ठेविलें’, ‘काढून टाकिलें’ या चार प्रयोगांतील भेद आपल्या घरांतील चार वर्षांचें पोरहि चुकत नाहीं; परकीयास मात्र तो समजावून सांगतांना घाम फुटतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व दुसरी १८५७ सालीं निघाली. ‘काढणें’ सारखें क्रियापद आलें कीं त्या व्यासंगी कोशकारासहि एका इंग्रजी शब्दावर भागवितां आलें नाहीं.

हें सारें आपणांस कोणी यादी करून शिकविलें काय? नाहीं. आपण वाक्यें ऐकिलीं, माणूस पाहिला, प्रसंग पाहिला आणि अर्थ आपोआप मनांत उतरला. इंग्रजी जोडक्रियापदेंहि याच वाटेनें शिकलीं पाहिजेत. प्रत्येक अर्थासाठीं एक पुरें वाक्य लिहावें. त्यांत कोणी, काय व कोठें हें असावें. आणि त्याखालीं तेंच आपण घरीं कसें बोलूं तें मराठींत लिहावें. आठवड्यास पांच पुरेत.

यावर कोणी म्हणतील, वर्गांत मुलें पुष्कळ, अभ्यासक्रम मोठा, परीक्षा तोंडावर. यादी पाठ केली तर निदान दोन गुण पदरांत पडतात. शिक्षकांची ही अडचण खरी आहे व ती हलकी लेखूं नये. परंतु वर्षाच्या आरंभापासून आठवड्यास पांच वाक्यें लिहिलीं, तर वर्षअखेर दीडशेंच्या वर सहज होतात, आणि तीं परीक्षेनंतरहि टिकतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीं घोकलेलीं पांचशें जोडक्रियापदें मात्र उत्तरपत्रिकेबरोबरच मास्तरांच्या स्वाधीन होतात.

शेवटीं पालकांस दोन शब्द. ‘आम्हांस इंग्रजी येत नाहीं, आम्ही मुलांस काय मदत करणार?’ असें पुष्कळ आयाबाप म्हणतात व मुलाची वही मिटून ठेवितात. त्यांनीं असें करूं नये. वही उघडून मुलास एवढेंच विचारावें, ‘बाळ, हें आपल्या भाषेंत कसें म्हणशील?’ त्यानें ‘धंदा उडाला’ असें सांगितलें, तर विचारावें, ‘अरे, मग गोष्टींतला दुकानदार आनंदानें पेढे कां वांटतो आहे?’ तेथेंच मुलास आपली चूक कळेल. इंग्रजीचा एक शब्दहि न येणाऱ्या मातेनें हें इंग्रजी शिकविलें असें होईल. ज्याची मराठी सकस आहे त्यासच दुसऱ्या भाषेचा अर्थ पारखतां येतो. यासाठीं मुलांशीं भरपूर व चांगलें मराठी बोलावें. त्यानें इंग्रजीची हानि होत नाहीं, तिचा पाया भक्कम होतो.