वस्तीची गाडी आणि कराची कात्री

14 जुलै 2022 रोजी राज्य शासनाने पेट्रोलवरील कर लिटरमागे 5 रुपयांनी आणि डिझेलवरील 3 रुपयांनी कमी केला. निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले. आम्हीही केले, कारण महागाईने गांजलेल्या माणसाला मिळालेला दिलासा नाकारण्याचे काही कारण नव्हते. यामुळे तिजोरीवर वर्षाकाठी सुमारे 6,000 कोटी रुपयांचा भार पडेल, हे शासनाने त्याच वेळी सांगितले होते. पंपावरचा नवा दर सर्वांनी वाचला. हे सहा हजार कोटी कोणी सोसायचे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्यांनी तो विचारायला हवा, असे आम्हांस वाटते.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांचे बहुतेक कर त्यात विलीन झाले. स्वतःच्या अधिकारात दर ठरवता येतील अशी मोजकीच साधने राज्याकडे उरली: इंधन, मद्य, मुद्रांक शुल्क, वाहन कर. त्यामुळे इंधनावरील कर घटला की ती तूट अन्यत्र भरून काढण्यास फारशी जागा राहत नाही. मग कात्री खर्चाला लागते.

कात्री यापूर्वीही लागली होती. 2020 च्या टाळेबंदीत महसूल आटला तेव्हा वित्त विभागाने 4 मे 2020 रोजी आदेश काढला. विकासकामांवर अंदाजपत्रकातील तरतुदीच्या 33 टक्केच खर्च होईल, आरोग्य व अन्नपुरवठ्यासारख्या खात्यांना अग्रक्रम मिळेल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. निर्णय कठोर होता, पण काय थांबणार आणि काय चालू राहणार हे कोणालाही वाचता येत होते. 2020 ची तूट संकटाने आणली, 2022 ची शासनाने स्वेच्छेने पत्करली; आणि या दुसऱ्या वेळी कोणत्या खात्याने किती सोसावे, असा आदेश आमच्या पाहण्यात आला नाही. अमुक गाडी या करकपातीमुळेच बंद झाली, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. खरी अडचण हीच आहे. उघडपणे न वाटलेली तूट ज्याचा आवाज क्षीण त्याच्याकडे मुकाट्याने सरकते.

एस.टी.चा हिशेब पाहू. टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या, वेतन थकले; अखेर नोव्हेंबर 2020 मध्ये शासनाने 1,000 कोटींचे साहाय्य जाहीर केले. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल 2022 मध्ये निवळला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत करकपात झाली. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास मिळाला आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. म्हणजे आठ महिन्यांच्या अवधीत शासनाने एका हाताने उत्पन्न सोडले आणि दुसऱ्या हाताने जबाबदारी वाढवली. या सवलतींनी गाड्या भरल्या, अनेक आजीबाई वर्षानुवर्षांनी माहेरी जाऊन आल्या, हे आम्ही आनंदाने नोंदवतो. परंतु सवलतीची रक्कम महामंडळाला नंतर मिळते, आणि ती वेळेवर येत नाही म्हणून पगार लांबतो, अशी तक्रार कर्मचारी संघटनांनी वारंवार केली आहे. शिवाय याच एस.टी.च्या भाड्यावर शासनाचा साडेसतरा टक्के प्रवासी कर लागत आला आहे. देणेकरी आणि कर वसूल करणारा एकच! (मिरकरवाड्यातील मच्छीमार बांधवांना हा अनुभव नवा नाही. डिझेलवरील कर आधी भरायचा आणि परताव्याची वाट पाहायची, हे ते कित्येक वर्षे करीत आले आहेत.)

जून 2025 मधील श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींहून अधिक आहे. त्याआधी 25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्के वाढले होते. तुटीचा एक वाटा असा थेट प्रवाशाच्या खिशात आला.

दुसरा वाटा येतो तो न आलेल्या गाडीच्या रूपाने. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी मंडणगड, दापोली व गुहागर या तालुक्यांत ती जातच नाही; अन्यत्रही स्थानक गावापासून दूर. तिथे सायंकाळी येऊन रात्री मुक्काम करणारी आणि पहाटे बाजारास, दवाखान्यास, शाळेस नेणारी वस्तीची गाडी हाच आधार. तिचे उत्पन्न कमी, म्हणून चालक कमी पडले किंवा गाडी नादुरुस्त झाली की प्रथम तिच्यावर गदा येते. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास मुलीच्या दप्तरात असतो, पण गाडीच नसेल तर ती घाटी चढून पायी जाते, किंवा शाळा सोडते. दुचाकीत आठवड्याला पाच लिटर पेट्रोल भरणाऱ्याचे 25 रुपये वाचले. तिच्या वडिलांना रिक्षासाठी त्याहून अधिक एका फेरीला मोजावे लागतात.

एस.टी.च्या माणसांनी आपले कर्तव्य सोडलेले नाही. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण आगार बुडाले तेव्हा तेथील आगारप्रमुख दिवसाच्या उत्पन्नाचे सुमारे नऊ लाख रुपये सांभाळत कित्येक तास गाडीच्या टपावर बसून राहिले होते. तिकिटाच्या पैशाची इतकी काळजी खालचा माणूस घेतो, तर वरच्यांनी निदान हिशेब उघडा ठेवावा.

आमची मागणी मोठी नाही. कर कमी करताना ती तूट कोणत्या खात्यातून भरली जाईल, हे त्याच दिवशी जाहीर व्हावे. सवलतींची रक्कम महामंडळाला महिन्याच्या आरंभीच द्यावी. ग्रामीण साध्या गाड्यांवरील प्रवासी कर कमी करावा. आणि जिल्ह्यातील नऊही आगारांनी रद्द झालेल्या फेऱ्यांची यादी कारणासह दरमहा फलकावर लावावी. ही शेवटची गोष्ट करण्यास मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. आपल्या गावची गाडी किती दिवस आली नाही, याची नोंद वाचकांनी आजपासूनच ठेवावी आणि ती पुढच्या ग्रामसभेत मांडावी.