साहेब, फॉरमॅट मारावं लागेल!

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांचं एक वाक्य पाठ असतं. स्क्रीन निळी झाली? फॉरमॅट मारा. वाय-फाय तुटतं? फॉरमॅट मारा. चार्जर गरम होतो म्हणालात, तरी समोरचा पोरगा आधी विंडोजचा पेन ड्राइव्ह शोधायला लागतो. फॉरमॅट मारूनही दुखणं गेलं नाही, की दुसरं वाक्य बाहेर पडतं: "बोर्ड गेलाय, साहेब." या दोन वाक्यांच्या मध्ये निदान नावाची पायरी असते. ती चेक नाक्याच्या बोळातल्या दुकानाने गाळली, तर मी समजू शकतो. पण काचेच्या दारामागे एसी लावून, टोकन वाटून बसलेलं अधिकृत सर्व्हिस सेंटरही तीच गाळतं, आणि वर तपासणी शुल्क घेतं. तपासणी कशाची, हे विचारायची सोय नाही.

मी इथल्या लहान कारखानदारांची जीएसटीची कामं बघतो. ऑफिस म्हणजे एका गाळ्याचा पोटमाळा, खाली पॉवर प्रेस धाडधाड चालू. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, हे माझं पंचांग. आणि नेमका याच तारखांच्या आसपास लॅपटॉप पडायला लागला. पोर्टलवर आकडे भरून झालेत, मालकाला फोन करून ओटीपी मागवलाय, तो टाकणार एवढ्यात पडदा निळा. त्यावर एक रडका चेहरा, खाली चढत जाणारी टक्केवारी आणि मग आपोआप रीस्टार्ट. मालक पलीकडून विचारतोय, "झालं का भरून?"

पडण्यालाही एक रीत होती. वाय-फायवर असताना पडायचा. झाकण मिटून दुसऱ्या गाळ्यात गेलो आणि उघडलं, की हमखास पडायचा. राउटरमधून केबल ओढून जोडली, तर दिवसभर मुकाट चालायचा. एवढ्यावरून शाळकरी पोरालाही संशयित कोण ते कळेल. हे सगळं मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही असं नाही. ऐकून घेतलं आणि जॉबशीटवर 'ऑटो रीस्टार्ट प्रॉब्लेम' एवढंच लिहिलं. वर ज्ञान दिलं, की वागळेतली लाइट खराब आहे, व्होल्टेज वरखाली होतं, त्याने होतं असं. महावितरणला शिव्या घालायला मीही कमी करत नाही; पण लॅपटॉपला बॅटरी असते हो! चार्जर काढून ठेवल्यावरही तो पडतो, याचं व्होल्टेज कुठून आणायचं?

आता हे कुठे चाललंय तेही बघा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, आणि त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींतली ही वागळे इस्टेट. इथे लेथ, मिलिंग, प्रेस यांवर पिढ्या घडल्या. रामनगरच्या आयटीआयमधून फिटर-टर्नर बाहेर पडले आणि समोरच्याच कारखान्यात लागले. मशीनचा आवाज बदलला, की जुना फिटर आधी कान देऊन ऐकायचा. बेअरिंग की बेल्ट, की फाउंडेशनचा बोल्ट, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. 'स्पिंडल फिरताना थरथरतोय, तर अख्खं मशीन वितळवून नवीन ओता' असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला गेटबाहेर काढलं असतं. त्याच रस्त्यांवर आज आयटी पार्क आहेत, रोड नंबर २२ वर पासपोर्टसाठी रांग आहे, आणि मशीन बिघडलं तर ते न बघताच पुसून टाकायची पद्धत आहे. याला आम्ही प्रगती म्हणतो.

आणि बघायला फार काही लागत नाही, हा खरा संताप आहे. या दुखण्यात मशीन स्वतःच आरोपीचं नाव लिहून ठेवतं.

विंडोजमध्ये प्रोग्रॅमचे दोन वर्ग आहेत. ब्राउझर, टॅली, एक्सेल ही बाहेरच्या ओसरीवरची मंडळी. त्यातलं एखादं कोसळलं, तर तेवढंच बंद होतं. कर्नल मात्र माजघर. तिथून मेमरीच्या कुठल्याही कोपऱ्यात हात घालता येतो. वाय-फाय कार्ड चालवणारा ड्रायव्हर या माजघरात बसतो. कार्डाकडून सिग्नल आला, की प्रोसेसर हातातलं काम टाकून त्याचं ऐकतो. त्या निकडीच्या क्षणी ड्रायव्हरने कोणत्या मेमरीला हात लावायचा, कोणत्या नाही, याचे कडक नियम आहेत. मेमरीचं जे पान डिस्कवर जाऊन बसलंय, ते त्या क्षणी मागायचं नसतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने इथे चूक केली, की विंडोज 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असा शेरा मारून सगळं थांबवतं. मुद्दाम थांबवतं, कारण माजघरात गोंधळ झाल्यावर पुढे चालू राहिलं, तर तुमच्या फायलींत कचरा लिहिला जाण्याची भीती असते. म्हणजे निळा पडदा हा रोग नव्हे. तो पंचनामा आहे. कोडखाली बऱ्याचदा 'व्हॉट फेल्ड' अशी ओळ येते आणि तिच्यापुढे फाईलचं नाव. पडदा भर्रकन जातो म्हणून दिसलं नाही, तर आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण सेटिंगमध्ये काढून टाकता येते. तेही जमलं नाही, तर विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडंप' नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक पडझडीची छोटी फाईल, नावातच तारीख घेऊन बसलेली. ती उघडायला मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी फुकट मिळतं. ते जड वाटलं, तर ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं चिमुकलं साधन आहे, तेही फुकट.

माझ्या लॅपटॉपातल्या त्या फायली मी उघडल्या. सगळ्यांत तोच शेरा, तीच फाईल: वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर.

डंपमधलं नाव डोळे झाकून मानायचं नसतं, हेही सांगायला हवं. रॅम खराब असेल, तर दर वेळी वेगळीच फाईल अडकलेली दिसते. आज ग्राफिक्स, उद्या ऑडिओ, परवा विंडोजचं स्वतःचं कर्नल. तेव्हा रात्रभर मेमरी तपासायची. पण तोच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा दिसतोय, वाय-फाय बंद केलं की पडझड थांबतेय, नेटवर्किंगशिवायच्या सेफ मोडमध्ये मशीन शांत आहे, इतके साक्षीदार एकच बोट दाखवत असताना बोर्डाचं कोटेशन काढणाऱ्याला काय म्हणावं? मी म्हणतो ते संपादक छापणार नाहीत.

फॉरमॅटचं खरं पाप आता ऐका. पोलिसांनी पंचनाम्याआधी घटनास्थळ फिनेलने धुऊन काढावं, तसं हे आहे. फॉरमॅट मारला, की मिनीडंप गेले, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदी गेल्या, रिलायबिलिटी मॉनिटरमधला लाल फुल्यांचा आलेख गेला. पुरावा संपला. शिवाय औषधही संपलं! डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असं एक बटण असतं. ते आधीचा, बरा चालणारा ड्रायव्हर परत आणतं. पण आधीचा ड्रायव्हर डिस्कवर असेल तरच. कोऱ्या विंडोजला आधीचं काही नसतं, म्हणून तिथे ते बटण करडं, मेलेलं दिसतं. आणि मग कळस: कोरं विंडोज नेटला लागलं, की विंडोज अपडेट इमानेइतबारे नवा ड्रायव्हर आणून बसवतं. म्हणजे तोच. ग्राहक दोन दिवस खूष, तिसऱ्या दिवशी पडदा निळा, आणि काउंटरवर दुसरं वाक्य तयार असतंच. फॉरमॅटचे काही शे रुपये, बोर्डाचे काही हजार. ड्रायव्हर मागे घ्यायला मात्र काहीच लागत नाही. ज्या उपायाचं बिल फाडता येत नाही, तो उपाय काउंटरवर कुणाला आठवेल?

त्या पोरांचा मला फारसा राग नाही. दिवसात किती मशिनी उरकल्या यावर त्यांची किंमत ठरते. विनडीबीजी उघडून वाचत बसला, तर संध्याकाळी मालक ओरडणार. राग आहे तो वरच्यांचा. लॅपटॉप कंपनी म्हणते, वायरलेस चिप आमची नाही. चिपवाले म्हणतात, ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आमचा सर्वसाधारण आहे. विंडोजवाले म्हणतात, आम्ही फक्त पोचवतो. तपासून, सही करून पोचवतो. ती सही म्हणजे अमुक चाचण्या पास झाल्या, एवढंच. चाचणीच्या टेबलावर झाकण मिटून शेजारच्या गाळ्यात जाणारा कर सल्लागार नसतो आणि आयटी पार्कच्या एका मजल्यावर एकमेकांवर आदळणारी डझनावारी वाय-फाय नेटवर्कही नसतात.

हे काल-परवाचं दुखणं आहे असंही नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्विफ्ट, बर्शाड आणि लेव्ही यांनी २००३ सालच्या शोधनिबंधात नोंदवलं, की विंडोज एक्सपीच्या त्या काळात नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. २००३! तेव्हा ज्यांचा जन्म झाला ती पोरं आज काउंटरवर उभी राहून रॅमला दोष देतायत. २०१९ च्या मे महिन्यातलं विंडोज १० चं मोठं अपडेट आलं, तेव्हा क्वालकॉमच्या जुन्या ड्रायव्हरमुळे काही मशिनींचं वाय-फाय तुटतं, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच आपल्या ज्ञात दोषांच्या यादीत टाकलं होतं. अशा याद्या जाहीर असतात, कुणालाही वाचता येतात. वाचतं कोण?

आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर असाच कर्नलच्या माजघरात बसलेला. सकाळी, आपले पावणेदहा वाजायच्या सुमारास, त्याला एक सदोष डेटा फाईल पाठवली गेली. २० रकाने मिळतील अशी सोय आणि तपासायला सांगितला २१ वा; ड्रायव्हर आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला आणि मशीन पडलं. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख मशिनी. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, लोकांनी त्यांचे फोटो काढून हसत हसत फिरवले. पण त्या दिवशी जगभरच्या आयटी विभागांनी ८५ लाख मशिनी फॉरमॅट मारल्या का? नाही. सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाईल शोधून उडवायची, पुन्हा चालू करायचं. कारण कुणीतरी डंप वाचला होता. डेल्टा एअरलाइन्सने तर आपलं ५० कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचं सांगत क्राउडस्ट्राइकला कोर्टात खेचलं.

डेल्टाकडे वकिलांची फौज आहे. आमच्याकडे जॉबशीट आहे, आणि तिच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात 'डेटाची जबाबदारी आमची नाही'. वागळेतल्या किती कारखान्यांचा टॅलीचा डेटा त्याच एका लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर, बॅकअपशिवाय पडून आहे, हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे. त्या माणसाला 'फॉरमॅट मारू ना?' असं घाईघाईत विचारतात, तो मान हलवतो, आणि पाच वर्षांची खाती पुसली जातात. का, तर एका वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर नीट लिहिला नव्हता.

माझा लॅपटॉप मी त्यांच्याकडे ठेवला नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकलं, वायरलेसच्या यादीतून आधीची आवृत्ती उतरवली, नेट तोडलं, चालू ड्रायव्हर काढताना 'ड्रायव्हरची फाईलही काढून टाका' ही खूण केली, जुना बसवला. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगीही काढून घेतली. अपडेट काही काळ थोपवून ठेवलं. पडझड थांबली. यात कुठेही सोल्डरिंग गन नाही, मल्टीमीटर नाही, अभियांत्रिकीची पदवी नाही.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. सेवेतली त्रुटी त्यात येते, सदोष उत्पादनाची जबाबदारीही येते; ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, आणि १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. कंपन्यांनी तिथे मॅन्युअल, वॉरंटी आणि सुट्या भागांची माहिती ठेवावी, ही कल्पना चांगलीच आहे. पण माझ्या मशीनला सुटा भाग लागलाच नव्हता. त्याचा बिघाड कुणीतरी वाचायला हवा होता, आणि त्या हक्काबद्दल पोर्टल अजून गप्प आहे.

म्हणून आता क्लायंटचा लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली, की मी काउंटरवर एक मागणी करतो: जॉबशीटवर 'ऑटो रीस्टार्ट' लिहू नका. पडद्यावरचा कोड लिहा, डंपमधल्या फाईलचं नाव लिहा, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख लिहा. तेवढी जागा कागदावर नाही म्हणतात. डेटाची जबाबदारी झटकायला जागा होते. ते लिहीत नाहीत तोवर मी सही करत नाही, आणि मागे रांगेत उभे असलेले वैतागतात. वैतागू देत.